दत्तकपत्राला व्हिसा मिळत नाही

अमेरिकेतल्या काकाला लातूरचा पुतण्या दत्तक घेता येतो का? येतो. रजिस्ट्री ऑफिसात बाँडवर दत्तकपत्र केलं की तो पुतण्या अमेरिकेला जातो का? नाही जात. या दोन उत्तरांच्या मध्ये काय काय आहे ते आपल्याकडे कुणी कुणाला वेळेवर सांगत नाही, आणि त्यापायी लेकरांची वर्षं जातात.

लातूर पॅटर्ननं घडलेली पोरं आता ह्यूस्टनला आहेत, डब्लिनला आहेत. नांदेडच्या शीख घरांतले लोक कॅनडात आणि इंग्लंडात आहेत, देगलूर नाक्यावरच्या घरांतली माणसं आखातात. त्यांच्यातल्या एखाद्या जोडप्याला मूल होत नाही. गावाकडे भावाला तीन लेकरं असतात. थोरली माणसं बसतात, बोलतात, आणि धाकटं लेकरू भावजयीच्या ओटीत घालायचं ठरतं. डिसेंबरच्या सुट्टीत परदेशातलं जोडपं येतं. दत्तविधान होतं, होम होतो, भावकी जेवते. पाचशेच्या बाँडवर वकील दत्तकपत्र लिहून देतात, दुय्यम निबंधक शिक्का मारतात. जोडपं परत जातं आणि लेकराच्या व्हिसाच्या मागे लागतं. तिथं कळतं की सुरुवातच चुकीच्या टोकाकडून झाली आहे.

हे दत्तकपत्र खोटं नसतं. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानं त्याला पुरता आधार दिला आहे. लेकरू पंधरा वर्षांच्या आतलं हवं, देणाऱ्या आईबापांची संमती हवी, आणि मुलगा घ्यायचा तर घेणाऱ्याला आधीचा मुलगा नसावा. एवढं जमलं आणि नोंदणी झाली की कोर्ट त्या दत्तकाला खरं मानून चालतं. वारसा, सातबारा, शाळेच्या दाखल्यावरचं बापाचं नाव, या सगळ्यांना ते पुरतं. पण तो कायदा झाला तेव्हा दत्तक मूल विमानात बसून दुसऱ्या देशाचं नागरिक व्हायला जाईल, हे त्याच्या नजरेसमोर नव्हतं.

त्यासाठीचा कायदा वेगळा आहे: २०१५ चा बाल न्याय कायदा. त्याचं कलम ६० नेमकं याच घरांसाठी लिहिलंय. परदेशात राहणाऱ्या नातेवाइकाला भारतातल्या नातेवाइकाचं मूल दत्तक घ्यायचं असेल, तर दत्तकाचा आदेश आणि दिल्लीच्या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाचं, म्हणजे ‘कारा’चं ना हरकत प्रमाणपत्र, दोन्ही लागतात. आदेश पूर्वी न्यायालय द्यायचं. २०२१ च्या दुरुस्तीनं तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला आणि १ सप्टेंबर २०२२ पासून ती दुरुस्ती लागू झाली. आदेश पटला नाही तर अपील विभागीय आयुक्तांकडे, म्हणजे आपल्या भागाला छत्रपती संभाजीनगरला.

आता नातेवाईक म्हणजे कोण, ते बघा, कारण पुष्कळ घरं इथंच अडकतात. कायद्यानं नातेवाईक मोजून दिलेत: काका, आत्या, मामा, मावशी, आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा. यादी इथंच संपते. चुलतभावाचं लेकरू या यादीत बसत नाही. मामेबहिणीचं बसत नाही. मराठवाड्यात चुलतभाऊ हा भाऊच असतो. एका वाड्यात वाढलेले, एका ताटात जेवलेले दोन चुलतभाऊ स्वतःला सख्ख्यांहून वेगळं मानत नाहीत. कायदा मानतो. चुलतभावाच्या लेकराला लहानपणापासून ‘माझं पोरगं’ म्हणणाऱ्या माणसाला ही गोष्ट होम झाल्यावर, भावकी जेवल्यावर आणि लेकराची शाळा सोडवल्यावर कळावी, याचा मला संताप येतो. ती पहिल्या बैठकीतच कळायला हवी.

आणि यादीत बसलात तरी पुढे ज्या देशात जायचं, त्याचा कायदा उभा असतो. अमेरिकेचं उदाहरण घ्या, कारण आपली बहुतेक घरं तिकडेच बघतात. तिथल्या नियमानं मूल सोळा वर्षांचं व्हायच्या आत अर्ज हवा. जन्मदाते आईबाप दोघंही हयात असतील, तर त्या मुलाचा नीट सांभाळ करायला ते असमर्थ आहेत हे दाखवावं लागतं. चाकूरच्या भावाकडे दहा एकर जमीन आहे, वहिनी अंगणवाडीत आहे, तीनही लेकरं इंग्रजी शाळेत जातात. हे घर कुठल्या कागदावर असमर्थ ठरणार? काही जण इथं खोटं लिहून घ्यायचा सल्ला देतात. भाऊ आजारी दाखवा, कर्ज दाखवा. असला सल्ला देणाऱ्याला दारात उभं करू नका. लेकराच्या आईनं सही करून ‘मी याला सांभाळू शकत नाही’ असं खोटं लिहिलेला कागद त्या लेकराच्या फायलीत जन्मभर राहतो, आणि वीस वर्षांनी ते लेकरूच तो उघडून वाचणार असतं.

म्हणून क्रम उलटा धरायचा. आधी परदेशातल्या जोडप्यानं आपल्या देशात पात्रता सिद्ध करायची. तिथल्या मान्यताप्राप्त संस्थेकडून गृहभेट अहवाल, उत्पन्न, वैद्यकीय तपासणी, पोलिसांचा दाखला, आणि मग तिथल्या सरकारची मंजुरी. ती फाईल काराच्या पोर्टलवर चढते. इकडे जिल्हा बाल संरक्षण कक्ष लेकराच्या घरी येऊन कौटुंबिक अहवाल करतो. दोन्ही देशांची संमती झाली की जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, मग काराचं प्रमाणपत्र, मग नव्या आईबापांच्या नावाचा पासपोर्ट आणि सगळ्यात शेवटी दूतावास. अमेरिकेचं दत्तक व्हिसाचं काम दिल्लीच्या दूतावासातून चालतं. नांदेडहून सचखंड एक्सप्रेस थेट दिल्लीला जाते, पण त्या गाडीत बसण्याआधीच सगळं ठरलेलं असतं. दूतावासाच्या खिडकीवर काही नव्यानं सिद्ध होत नाही. तिथं फक्त आधीचे कागद एकमेकांशी जुळतात की नाही ते बघतात. जन्मदाखल्यावर नावाच्या जागी नुसतं ‘बाळ’, शाळेत आडनाव एक आणि आधारवर दुसरं, आईचं नाव एका ठिकाणी माहेरचं. ग्रामसेवकाच्या टेबलावर सुटलेली ही चूक दिल्लीत महिने खाते. कुणबी नोंदींसाठी निजामकाळातली उर्दू दफ्तरं धुंडाळलेल्या मराठवाड्याला एका अक्षराची किंमत वेगळी सांगायला नको.

ज्यांचं दत्तकपत्र होऊन गेलंय, त्यांना वाट बंद नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये दत्तक नियमांत दुरुस्ती झाली आणि हिंदू कायद्याखाली झालेल्या दत्तकाची जिल्हाधिकाऱ्यांकडून पडताळणी करून काराचं ना हरकत मिळण्याची सोय झाली. त्यानं भारताची परवानगी मिळते. ज्या देशात जायचं त्याची परवानगी त्यात नसते.

‘आमचंच लेकरू आमच्याच घरात जातंय, सरकारला काय करायचंय?’ हा प्रश्न मी पुष्कळांच्या तोंडून ऐकलाय. त्याचं उत्तर द्यायला हवं, कारण हे कागद कुणाच्या लहरीतून आलेले नाहीत. १९८२ साली लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलानं सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं की भारतातली मुलं दत्तकाच्या नावाखाली परदेशी पाठवली जातात आणि पुढे त्यांचं काय होतं ते कुणी बघत नाही. न्यायालयानं त्या पत्रालाच याचिका मानलं आणि ६ फेब्रुवारी १९८४ ला न्यायमूर्ती भगवतींनी दिलेल्या निकालातून आजच्या बहुतेक नियमांचा पाया पडला. १९९० मध्ये कारा आली. २९ मे १९९३ ला हेगचा करार झाला आणि २००३ मध्ये भारतानं त्याला मान्यता दिली.

त्याआधी काय चालायचं, ते आता बाहेर येतंय. १९७३ ते २००२ या काळात भारतातून स्वित्झर्लंडला २,२७८ मुलं दत्तक गेली. तिथल्या अभ्यासकांनी दोन प्रांतांतल्या फायली तपासल्या, तर जन्मदात्या आईची संमती एकाही फायलीत सापडली नाही. त्यांतली पुष्कळ आज चाळिशी-पन्नाशीत आहेत आणि काही जण आई शोधायला महाराष्ट्रात येतात. १९८९ मध्ये मुंबईहून अमेरिकेला दत्तक गेलेल्या एका मुलीची गोष्ट तर प्रत्येक निबंधक कार्यालयात सांगावी अशी आहे. तिच्या नागरिकत्वाची प्रक्रिया तिथं कुणी पूर्णच केली नाही. दत्तक मुलांना आपोआप नागरिकत्व देणारा अमेरिकी कायदा २००१ मध्ये लागू झाला, तेव्हा ती अठरा ओलांडून गेली होती. एका गुन्ह्यात अडकली आणि २००८ मध्ये तिला भारतात पाठवून दिलं. नवरा आणि दोन लेकरं तिकडे, ती मुंबईत, इथली भाषाही न येणारी. एवढी मोठी शिक्षा एका न भरलेल्या अर्जाची आहे. दत्तक गेल्यावर दोन वर्षं अहवाल पाठवावे लागतात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी. ते जाचक वाटतात त्यांनी ही गोष्ट आठवावी.

मराठवाड्यानं कागदाशिवाय लेकरं सांभाळलीत, याचा मला अभिमान आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला धरणी हलली, त्यानंतर पोरक्या झालेल्या लेकरांना चुलत्यांनी, मामांनी, आज्यांनी उचलून घरी नेलं. कुणी बाँड विचारला नाही. बाराशे लेकरांना भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था पुण्याला घेऊन गेले आणि शिकवलं. नळदुर्गला पन्नालाल सुराणांनी ‘आपलं घर’ उभं केलं. तेव्हा लेकरं आपल्याच मुलखात होती. काही बिनसलं असतं तर शेजारच्या गावची मावशी दुसऱ्या दिवशी दारात उभी राहिली असती. लेकरू समुद्रापलीकडे गेलं की मावशी पोचत नाही. तिथं लेकराच्या बाजूनं उभा राहतो तो फक्त कागद. तो धड नसेल तर लेकराला कुणीच नाही.

आखातात राहणाऱ्या नांदेडच्या घरांनी आणखी एक लक्षात ठेवावं. संयुक्त अरब अमिरात हेगच्या दत्तक करारात नाही. अशा देशात घरभेटीपासून शिफारशीपर्यंतची जबाबदारी तिथल्या भारतीय दूतावासावर येते, तेव्हा पहिली चक्कर नांदेडात नव्हे, दुबई-अबुधाबीत मारायची. मुस्लिम आणि ख्रिस्ती घरांना १९५६ चा हिंदू कायदा लागूच नाही. त्यांना बाल न्याय कायद्याची वाट आहे, आणि ती कुठल्याही धर्माच्या माणसाला खुली आहे हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये स्पष्ट सांगितलंय.

या सगळ्या कागदांत मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो एक, आणि घरातली माणसं नेमका तोच उरकून टाकतात. पाच वर्षांवरच्या लेकराची संमती. लेकराला समजेल अशा भाषेत विचारायचं असतं की तुला काकाकडे कायमचं जायचं का, आता काका-काकूंना आईबाप म्हणायचं, चालेल का. बहुतेक घरांत लेकराला आधी पढवलेलं असतं. कक्षाच्या बाई आल्या की ‘हो म्हण’. सात वर्षांचं पोर हो म्हणतं, कारण त्याला विमान दिसतं, टॅब दिसतो. त्याला कुणीतरी हेही सांगायला हवं की दर रविवारी आजीच्या हातची धपाटी मिळणार नाहीत, थोरली ताई सोबत येणार नाही, आणि नाही म्हटलं तरी त्याच्यावर कुणी रागावणार नाही. आणि खरंच त्यानं नाही म्हटलं, तर ठरलेली गोष्ट मोडायची. थोरल्यांचा शब्द गेला तर जाऊ द्या.

आता बोलायचं ते सरकारी टेबलाशी. दत्तकपत्र नोंदवताना दुय्यम निबंधक ओळखपत्र तपासतात, साक्षीदार तपासतात, मुद्रांक तपासतात. दत्तक घेणाऱ्याचा पत्ता न्यू जर्सीचा आहे हे त्यांना समोर दिसत असतं. त्यांनी एवढंच विचारायला हवं: लेकराला परदेशी नेणार आहात का? उत्तर ‘हो’ आलं, तर आधी जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन या, असं सांगायचं. दस्त लिहिणाऱ्या वकिलानं तर ते फी घेण्याआधी सांगायला हवं. काराचे नियम कायद्याच्या इंग्रजीत आहेत, मुखेडच्या आजीला ते वाचता येत नाहीत. कोण नातेवाईक धरले जातात, आधी कुठं जायचं, दत्तकपत्र आधी का करायचं नाही, हे मराठीत एका पानावर मावतं. नांदेड आणि लातूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी ते पान लिहून घ्यावं आणि प्रत्येक तालुक्याच्या रजिस्ट्री ऑफिसात, बाँड विकणाऱ्याच्या टेबलाशेजारी लावावं. डिसेंबरची सुट्टी सुरू व्हायच्या आत.