शांततेच्या खरेदीदारास अनावृत पत्र

मा. भावी ग्रामस्थ महोदय,


मुंबईतला फ्लॅट विकून कोकणात चिऱ्याचं घर बांधण्याचा आपला निश्चय कळला. अभिनंदन! आपण ‘मुळांकडे’ परतणार, हे ऐकून तर ऊर भरून आला. कूळकायद्याच्या कलम ६३मुळे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन सहजी घेता येत नाही. त्यामुळे आजवर श्राद्धालाही न आठवलेल्या पणजोबांचा सातबारा हुडकावा लागतो. मुळं तलाठ्याच्या दप्तरात सापडतात ती अशी.

आपल्याला भुरळ पडली आहे ती तिथल्या शांततेची. पण ही शांतता निसर्गाची देणगी नव्हे. २००१ ते २०११ या दशकात राज्याची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली, रत्नागिरी जिल्ह्याची मात्र जवळपास ८२ हजारांनी आणि सिंधुदुर्गाची १९ हजारांनी घटली. पोरं पोटापाण्यासाठी विरार-डोंबिवलीला गेली. त्यांच्या घरांची कुलपं गणपतीत तेवढी निघतात. ज्या सामसुमीचे आपण गुंठ्यावर पैसे मोजणार, ती यातून आलेली आहे. ज्या कारणांनी ती पोरं गेली, त्यांची झळ आपल्याला लागत नाही, कारण आपलं पेन्शन शहरातूनच येणार. पाण्याचं तेवढं बघा. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, जांभ्यातून निथळून जातो आणि मे महिन्यात कित्येक वाड्यांवर टँकर येतो. आपल्या लॉनसाठी खोल बोअर मारली की शेजारची विहीर काय म्हणते, तेही विचारून ठेवा.

‘आम्ही रोजगार देतो’ असं आपण म्हणाल. देता, आणि ते पैसे खरेच उपयोगी पडतात. पण राखणदारीच्या पगारावर तरणा मुलगा गावात थांबत नाही. थांबतो त्याचा बाप. ‘कुणी कुठंही राहावं, घटनेनं हक्क दिलाय’ हेही मान्य. त्याच हक्कानं गावकरी मुंबईत आला. पण तो चाळीतल्या नळावर रांगेत उभा राहिला, मंडळाची वर्गणी दिली, मतदारयादीत नाव घातलं. आपण मात्र प्लॉट मोजून घेताच आधी कंपाउंड घालता आणि त्यात पाणवठ्याची पिढीजात पायवाटही गडप होते (नकाशात ती नव्हतीच म्हणे).

तेव्हा गेटची ऑर्डर देण्याआधी गावच्या मतदारयादीत नाव घालून घ्या. १ मेच्या ग्रामसभेत पायवाटेचा विषय निघणार आहे, आणि मतदार नसल्यास तिथं बोलता येत नाही.

आपला,
एक शहरवासी