मीटर मालकाचा, मान भाडेकरूचा

पुण्या-मुंबईच्या घरमालकांनी अर्थशास्त्रात घातलेली मोलाची भर अद्याप दुर्लक्षित आहे, हे खेदाने नमूद करावं लागतं. सिद्धान्त असा : जो वापरतो, तो भरतो. वीज भाडेकरू वापरतो, बिल त्याचं. इथवर कुणीही पोहोचेल. पण पाइप गॅसची नवी जोडणी? स्वयंपाक भाडेकरूच करणार, तेव्हा जोडणीचे पैसे आणि अनामत त्यानेच भरावी. पावती मालकांच्या नावे, कारण घर त्यांचं. परत मिळणारी अनामतही मालकांनाच, कारण पावती त्यांच्या नावे. या तर्कात कुणी फट शोधून दाखवावी.

सबमीटर तर थोरच. वीज कंपनी पहिल्या 100 युनिटांना सर्वांत कमी दर लावते. हा उघड भेदभाव मोडून काही मालक पहिल्यापासून शेवटच्या युनिटापर्यंत एकच भरभक्कम दर घेतात.

आता इमारतीच्या पायाचा खर्चही भाडेकरूकडून घ्यावा. तो त्यावरच उभा असतो. खिडकीतल्या उन्हालाही मीटर बसवावा. अर्थात मालकांच्या नावे.

कुरकुर करणाऱ्यांनी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 वाचावा. कलम 29 प्रमाणे मालकाला भाडेकरूचं वीज-पाणी पुरेशा कारणाशिवाय तोडता येत नाही. फक्त तुमच्या 11 महिन्यांच्या करारात तुम्ही भाडेकरू नसून 'परवानाधारक' आहात. त्या कराराची नोंदणी करण्याची जबाबदारी कलम 55 ने मालकावर टाकली आहे. खर्चाची तुम्ही उचललीत.