लिलावाची वाट पाहू नका

घराचा हप्ता भरण्यासाठी शेकडा तीन रुपये महिन्याने पैसे उचलणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगायचं आहे: थांबा. बँकेला वर्षाला दहा टक्के देणं होत नाही म्हणून सावकाराला छत्तीस टक्के द्यायचे, हा व्यवहार कुठल्याच वहीत बसत नाही. तरी वर्ध्यात, हिंगणघाटात, आर्वीत, पुलगावात तो रोज होतो, आणि शहाणीसुरती माणसं करतात. कारण घरात एकच वाक्य घुमत असतं. "घर गेलं तं मंग राह्यलं काय?"

राहतं. पुष्कळ राहतं. फक्त वेळेत हिशेब मांडला पाहिजे.

समजा, गावाबाहेरच्या लेआउटमध्ये घर बांधायला १२ लाख काढले. व्याज दहा टक्के, मुदत वीस वर्षं. हप्ता येतो ११,५८० रुपयांच्या आसपास. पहिल्या हप्त्यातले १०,००० व्याजात जातात, मुद्दलात पडतात १,५८०. तीन वर्षं एकही हप्ता न चुकवता भरला तर भरणा होतो सुमारे ४ लाख १७ हजार आणि मुद्दल उतरतं जेमतेम ६६ हजारांनी. मग कापसाने हात दिला नाही, दुकान बसलं, कंत्राटी नोकरी सुटली, की माणूस बँकेत जाऊन खातेउतारा काढतो. चार लाख भरले तरी डोक्यावर सव्वाअकरा लाखांच्या वर उभे! तिथून हट्ट सुरू होतो. इतकं भरलं ते पाण्यात जाऊ द्यायचं नाही. त्या हट्टापायी आधी बायकोच्या पाटल्या मोडतात, मग वावर गहाण पडतं, मग पोरीचं नर्सिंगचं दुसरं वर्ष राहून जातं. घर मात्र तरीही वाचत नाही, कारण मिळकतच हप्त्याला पुरी पडत नसते.

भरलेले पैसे गेले. त्यांच्याकडे बघून पुढचा निर्णय घेऊ नका. पुढच्या बारा महिन्यांत घरात किती येणार आणि हप्ता किती, एवढंच कागदावर मांडा. आणि तो कागद नवऱ्याने एकट्याने रात्री मांडू नये. बायको, कळती मुलं, म्हातारे आईवडील, सगळ्यांना बसवून मांडावा. आपल्याकडे कर्जाचा आकडा बायकोला बँकेच्या नोटिशीतून कळतो, ही त्या कर्जापेक्षा वाईट गोष्ट आहे.

लाज आडवी येते, मान्य. पण याच वर्धा जिल्ह्याने ही लाज एकदा चारचौघांत झुगारली होती. डिसेंबर २००५ मध्ये डोरली गावाने 'गाव विकणे आहे' असं जाहीर केलं. घरं, वावरं, गुरंढोरं, सगळं विकायला काढलं. एकेकट्याला जे उंबऱ्याबाहेर बोलता आलं नसतं, ते गावाने मिळून बोलून टाकलं. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग याच जिल्ह्यातल्या वायफडला आले, आणि वर्ध्यासह विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्या पॅकेजने काय साधलं यावर भांडण होऊ शकतं. पण डोरलीकर तोंड दाबून बसले नाहीत, याचं मोल मला आजही मोठं वाटतं.

आता दिवाळखोरीचं. अर्ज केला की सगळं माफ आणि घरही आपलंच, असं सांगणारे सल्लागार गल्लोगल्ली झालेत. त्यांना पैसे देण्याआधी हे वाचा.

वर्ध्याच्या साध्या कर्जदाराला आज लागू असलेला कायदा १९२० सालचा आहे, प्रांतिक नादारी कायदा. मुंबई शहराला त्याच्याही आधीचा, १९०९ चा. अर्ज जिल्हा न्यायालयात करायचा. ५०० रुपयांचं देणं असलं तरी अर्ज चालतो, यावरूनच कायद्याचं वय कळावं. अर्ज मंजूर झाला की तुमची मालमत्ता न्यायालयाच्या ताब्यात जाते, ती विकून देणेकऱ्यांना वाटली जाते आणि पुढे सुटकेचा हुकूम मिळाला की उरलेल्या बहुतेक देण्यांतून माणूस मोकळा होतो. सुटकेचा अर्ज न्यायालयाने दिलेल्या मुदतीत करावा लागतो. तो राहिला तर नादारीच रद्द होते आणि सगळी पायपीट फुकट.

पण घराचं काय? गहाण घराला हा कायदा हात लावत नाही. तारण घेतलेल्या बँकेचा हक्क जसाच्या तसा राहतो. नादारीचा फायदा होतो तो बिनतारणी देण्यांत: हातउसने, वैयक्तिक कर्ज, क्रेडिट कार्ड, कुणासाठी तरी केलेली सही. म्हणून 'नादारी घेऊ की घर सोडू' असा पर्यायच नसतो. हे दोन वेगळे निर्णय आहेत आणि गहाण घर असणाऱ्याने घराचा निर्णय आधी घ्यावा.

उलट बाजूही सांगतो, कारण धमक्या देणारे ती सांगत नाहीत. घर गहाण नसेल आणि माणूस शेतकरी, मजूर किंवा घरकामगार असेल, तर तो राहत असलेलं त्याचं घर पैशांच्या हुकूमनाम्यापोटी जप्त करता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० तसं स्पष्ट म्हणतं. स्वयंपाकाची भांडी, अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण, शेतीची अवजारं, कारागिराची हत्यारं आणि बाईने धर्माप्रमाणे अंगावरून उतरवायचे नाहीत असे दागिने, हेही त्यात आले. पैशांच्या हुकूमनाम्यात बाईला अटक करता येत नाही. आणि निव्वळ गरिबीमुळे पैसे देता येत नाहीत म्हणून कुणालाच तुरुंगात टाकता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सांगितलं. वसुलीवाल्याने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. फाटकाशी उभं राहून "घर उचलून नेतो" म्हणणाऱ्याला यातलं एक वाक्य ऐकवलं तरी त्याचा आवाज खाली येतो.

गहाण घराची वाट मात्र वेगळी आणि वेगाची आहे. हप्ता नव्वद दिवसांच्या वर थकला की खातं बुडीत धरलं जातं. मग २००२ च्या सरफेसी कायद्याने साठ दिवसांची नोटीस. तुम्ही लेखी हरकत दिली तर बँकेला पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावंच लागतं. ही हरकत शंभरातले कितीतरी जण देतच नाहीत, नोटीस दिवाणाखाली सरकवतात. त्यानंतर ताबा. दारावर कागद डकवला जातो आणि दोन वर्तमानपत्रांत जाहिरात येते, त्यातलं एक मराठी. जाहिरातीत कर्जदाराचं नाव, जामीनदाराचं नाव, थकबाकी आणि खाली चतुःसीमा: पूर्वेस अमुक यांचा प्लॉट, पश्चिमेस नऊ मीटर रस्ता, उत्तरेस तमुक यांचं घर. ज्या शेजाऱ्यापासून दोन वर्षं लपवलं, त्याचं नाव तुमच्या घराच्या ताब्याच्या जाहिरातीत छापून येतं. ताब्याविरुद्ध नागपूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात जायला पंचेचाळीस दिवस मिळतात. पूर्ण देणं भरून घर सोडवायचा हक्क लिलावाची जाहिरात निघेपर्यंतच टिकतो.

म्हणून माझं सांगणं रोखठोक आहे. हिशेब जमत नसेल तर घर स्वतः विका. साठ दिवसांच्या नोटिशीच्या आधी विकलंत तर उत्तम, ती आल्यावर बँकेची लेखी संमती घेऊन विका. समजा घराची किंमत १८ लाख आणि देणं १३ लाख. स्वतः गिऱ्हाईक शोधलं, थोडी घासाघीस होऊन १७ लाखांना सुटलं, तर हातात ४ लाख राहतात. तेच घर लिलावात १४ लाखांना गेलं आणि मधल्या काळात व्याज नि खर्च चढला, तर हातात काही येत नाही, उलट कमी पडलेले बँक तुमच्याकडे मागू शकते. लिलावात वर पैसे उरले तर ते बँकेने परत द्यायचे असतात, कायद्यात आहे, तेव्हा हिशेब लेखी मागा. एकरकमी तडजोडीबद्दलही लेखीच विचारा. तोंडी शब्द शाखाधिकाऱ्याच्या बदलीबरोबर जातो. गिऱ्हाईकाचे पैसे सरळ कर्जखात्यात भरून घ्या. कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागद तीस दिवसांत परत मिळायला हवेत. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, रिझर्व्ह बँकेचा १ डिसेंबर २०२३ पासूनचा नियम.

आणि जामीनदार. तो बहुधा साळा असतो, नाहीतर शाळेतला सोबती. कायद्याने त्याची जबाबदारी तुमच्याइतकीच. तुम्हाला नादारीतून सुटका मिळाली तरी त्याला मिळत नाही. त्याच्या पगारातून कपात सुरू झाली की दोन घरांचा एकमेकांकडचा राबता बंद होतो, आणि लग्नकार्यातही तो पुन्हा सुरू होत नाही. घर विकायला मन धजत नसेल तर त्याचा चेहरा डोळ्यापुढे आणा.

गावातल्या गावात भाड्याने राहायची वेळ आली म्हणून कुणी लहान होत नाही. आणि मन अगदीच खचलं असेल, रात्री भलते विचार येत असतील, तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर फोन करा. या जिल्ह्याने कर्जापायी फार माणसं गमावली आहेत. घराच्या बदल्यात माणूस द्यायचा नाही.

आता ज्यांच्या हातात कायदा आहे त्यांच्याकडे वळतो.

देणेकरी आणि कर्जदार यांना समोरासमोर बसवून तोडगा काढायचा, ही या मातीला परकी गोष्ट नाही. वर्धा मध्य प्रांतात होता तेव्हा, १९३३ साली, कर्ज तडजोडीचा कायदा झाला. मंडळं बसली, सावकार-शेतकरी पुढे बोलावले गेले, आकडा ठरवून हप्ते बांधून दिले गेले. पुढे सेवाग्रामला येऊन राहिलेल्या गांधीजींनी वकिलीच्या सुरुवातीला प्रिटोरियात हेच केलं होतं. त्यांचे अशील दादा अब्दुल्ला लवादात जिंकले, हरलेल्या तय्यब शेठना सुमारे ३७,००० पौंड द्यायचे होते. एकदम मागितले असते तर त्यांचं दिवाळं निघालं असतं. जिंकलेल्या पक्षाचे वकील असलेल्या गांधीजींनी आपल्याच अशिलाची समजूत घातली आणि लांब मुदतीचे हप्ते मान्य करवले. आत्मकथेत त्यांनी हे अभिमानाने लिहिलं आहे.

बँकेच्या बाबतीत तर आपण आजही इतके समजूतदार आहोत. रिझर्व्ह बँकेचा परवाना मिळण्याइतकंही भांडवल मार्च २०१२ च्या मुदतीत वर्धा जिल्हा मध्यवर्ती बँकेकडे नव्हतं. नागपूर आणि बुलढाणा तिच्या जोडीला. ठेवीदारांचे पैसे अडकले, शेतकऱ्यांचं पीककर्ज अडलं. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्राने देशातल्या अशा २३ बँकांसाठी २,३७५ कोटींची योजना केली, केंद्र, राज्य आणि नाबार्डने भार उचलला. योग्यच केलं. बँक बुडाली असती तर गरिबांचाच पैसा बुडाला असता. पण संस्थेला उभं राहायला दुसरी संधी लागते हे ज्यांना कळतं, त्यांना कुटुंबाच्या बाबतीत का कळू नये?

संसदेने २०१६ मध्ये नादारी आणि दिवाळखोरी संहिता केली. तिच्या तिसऱ्या भागात साध्या माणसासाठी दार ठेवलं आहे. ते दार अजून बंद आहे. १ डिसेंबर २०१९ पासून तो भाग फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना लागू झाला. बाकीच्यांसाठी १९२० चालूच. आणि त्या भागातली गरिबांसाठीची 'नवी सुरुवात' कुणाला मिळणार, तर ज्याचं वर्षाचं उत्पन्न ६०,००० च्या वर नाही, मालमत्ता २०,००० च्या वर नाही, कर्ज ३५,००० च्या वर नाही, आणि ज्याच्या नावावर घर नाही. गहाण असलेलंही चालत नाही. देवळी-सेलूच्या कुठल्याही वस्तीत हे मोजमाप घेऊन फिरा. ज्याच्या नावावर कुडाचं खोपटं आहे, तो इथेच बाद होतो.

ही मर्यादा वाढवा, राहत्या घराची अट काढा, आणि तो भाग लागू करा. जिल्ह्याच्या ठिकाणी तडजोडीची मंडळं परत बसवा, म्हणजे नागपूरच्या खेपा वाचतील. नादार ठरलेल्या माणसाला सुटका मिळेपर्यंत ग्रामपंचायतीपासून संसदेपर्यंत कुठलीच निवडणूक लढवता येत नाही, म्हणजे आपल्या लोकप्रतिनिधींना हा विषय माहीत नाही असं नाही. ते गावात आले की निवेदन देऊ नका, हारतुरे तर नकोच. तिसरा भाग कोणत्या तारखेपासून लागू करता, एवढं विचारा, आणि ते जे सांगतील ते ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या.