दोन वर्षांच्या साहेबांचा दौरा

मे महिन्यात दीड-दोन वर्षांचं मूल घेऊन सहकुटुंब सहलीला जायचंच, असं घरात एकदा ठरलं की पथ्य एकच पाळावं: ठिकाण सगळ्यात शेवटी ठरवावं. बहुतेक घरांत उलटं चालतं. आधी माथेरान पक्कं होतं, मग खोली, मग गाडी, आणि साहेबांना काय सोसेल हा विषय आयत्या वेळी डायपरांबरोबर पिशवीत कोंबला जातो. वास्तविक या वयात प्रेक्षणीय स्थळ लागतच नाही. एखादी पायरी, गळका नळ, मूठभर खडी आणि जमलं तर झोपलेलं कुत्रं, एवढ्यावर दौरा यशस्वी होतो. तेव्हा शोधायची ती पायरी. तिच्या आसपास एखादा किल्ला निघालाच, तर मोठ्यांनी तो बघून घ्यायला हरकत नाही.

पुराव्यासाठी भायखळ्याची राणीची बाग घ्या. 1862 साली सुरू झालेल्या या बागेत 2017 पासून हम्बोल्ट पेंग्विन लोकांना बघायला मिळतात आणि सुट्टीत तिथं ही गर्दी उसळते. दोन वर्षांच्या मुलाची उंची साधारण 85 सेंटिमीटर. तेवढ्या उंचीवरून रांगेत दिसतात ते गुडघे, पिशव्या आणि पुढच्या काकांच्या हातातला वेफर्सचा पुडा. काचेपाशी पोचल्यावर बाबा कडेवर घेऊन "ते बघ, ते बघ" करतात, आणि साहेब बघतात बाबांच्या शर्टाचं बटण. बाहेर येऊन खाली सोडलं की मात्र उकिडवं बसून गटाराच्या जाळीत वाळकं पान घालायचं काम सुरू होतं. पान अडकतं, ते उपसायचं, पुन्हा घालायचं. अशा वेळी "चल, वाघ बघायचाय" असं कुणी म्हणू नये. वाघाला घाई नसते. माथेरानचंही तेच. 1907 पासूनची छोटी गाडी नेरळहून 21 किलोमीटर चढायला दोन तासांहून जास्त घेते, आणि मांडीवर बसून राहण्याची मर्यादा त्याच्या कितीतरी आधी संपते. त्यापेक्षा दस्तुरीपर्यंत मोटारीने जावं, अमन लॉजहून शटल पकडावी आणि पॉइंटांची यादी खोलीवरच विसरावी. मोटारींना बंदी असल्यामुळे गावात लाल माती मुबलक आणि घोड्यांची लीद ताजी. दोन्हींबद्दल साहेबांचा उत्साह सारखाच असतो.

एवढा खर्च करून मातीच खेळवायची का, असं आजोबा विचारतील. त्यांना रेल्वेचा नियम दाखवावा. 5 वर्षांखालच्या मुलासाठी वेगळी बर्थ मागितली नाही तर तिकीटच पडत नाही. खुद्द सरकार ज्याला फुकट नेतं, त्याच्याकडून पैसे वसूल व्हावेत ही अपेक्षा अवाजवी आहे. दुसरा आक्षेप आठवणींचा. मोठेपणी माणसाला साधारण तीन वर्षांच्या आधीचं जवळजवळ काहीच आठवत नाही, तेव्हा आठवण राहणार ती मोठ्यांचीच. मग ती रणरणत्या उन्हात टोपी फेकून देणाऱ्या मुलाची कशाला? तिसरा आक्षेप खरा अडचणीचा आहे: पायरीच हवी तर घरची काय वाईट? वाईट काही नाही. पण घरच्या पायरीपाशी कुकरची शिट्टी असते, फोन असतो, दारात कुरिअरवाला असतो, आणि दोन मोठी माणसं तासभर नुसती बसलेली कधी सापडत नाहीत. त्या तासासाठीच गावाबाहेर जायचं.

ऊन मात्र थट्टेवारी नेऊ नये. लहान मुलाचं अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापतं. दुपारी 12 ते 4 छपराखालीच काढावेत, पाणी घोट घोट पाजत राहावं, आणि बंद मोटारीत मुलाला मिनिटभरही एकटं ठेवू नये. डब्यात मऊ वरणभात न्यावा. हॉटेलातल्या तिखटजाळावर भिस्त ठेवणारे पुढे फक्त कोरड्या बिस्किटांवर दिवस ढकलतात.

परतीच्या वाटेवर मूल रडेल, गाईल, चप्पल काढून टाकेल आणि घर दोन सिग्नलांवर आलं असताना गाढ झोपेल. त्याला उचलून वर नेण्याचा मोह टाळावा, कारण तिसऱ्या जिन्यावर ते टक्क जागं होतं आणि पुढे रात्री बारापर्यंत झोपत नाही. एकाने खिडक्या उघड्या ठेवून त्याच्याजवळ गाडीत बसून राहावं, दुसऱ्याने वर जाऊन खिचडी टाकावी.