चर्चासत्रासाठी सुरक्षित विषय

बीड जिल्ह्यातल्या प्राचार्यांना राष्ट्रीय चर्चासत्र हवे असते, वाद नको असतो. त्यांच्यासाठी काही नम्र सूचना.

ऊसतोड कामगारांचा विषय टाळावा. २०१९च्या सरकारी पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. आकडा सरकारचाच, पण प्राध्यापकाने उच्चारला की जिल्ह्याची बदनामी होते. शिवाय कारखाना ज्यांचा, कॉलेजही बरेचदा त्यांचेच. तेव्हा ‘ऊस : एक बहुगुणी पीक’ असे शीर्षक द्यावे.

दुष्काळ घ्यायचाच तर १९७२चा घ्यावा; तेव्हाचे मंत्री आता फोन करत नाहीत. नाटक नकोच. फेब्रुवारी २०२४मध्ये पुणे विद्यापीठात विद्यार्थ्यांनी नाटक केले आणि विभागप्रमुखांनाही अटक झाली. सीताफळ चालेल, त्याला भौगोलिक मानांकन आहे. फक्त भावाचे नाव काढू नये.

माणसे गप्प ठेवायची तर निजामाचे दिवस कष्टाचे होते. सभा घ्यायची तर आधी परवानगी, म्हणून त्याला ‘गश्ती निशाण ५३’ नावाचे फर्मान काढावे लागले. जानेवारी २०२१मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानेही ऑनलाइन आंतरराष्ट्रीय परिषदांना पूर्वपरवानगीची अट घातली. ओरड झाली आणि पुढच्याच महिन्यात ती मागे घ्यावी लागली. हंगेरीत तर सेंट्रल युरोपियन युनिव्हर्सिटीला बुडापेस्टमधून हुसकावण्यासाठी २०१७मध्ये खास कायदा केला. केवढा हा खर्च!

आमच्याकडे तासिका तत्त्व आहे. नेट-सेट, पीएच.डी. झालेले सर जूनमध्ये रुजू होतात, एप्रिलमध्ये मोकळे होतात आणि मे महिनाभर संस्थेच्या ऑफिसात ‘साहेब आहेत का?’ विचारत बसतात. त्यांना काय बोलू नये, हे कुठल्याही परिपत्रकाने सांगावे लागत नाही. वर्गात ‘हे परीक्षेला येणार नाही’ म्हणून ते स्वतःच पान उलटतात.

एखाद्या सरांना हा लेख पटलाच, तर त्यांनी व्हॉट्सॲपवर स्टेटस मात्र ठेवू नये. कोल्हापुरात एका प्राध्यापकाने कलम ३७०बद्दल ठेवले. तो गुन्हा नव्हे, हे मार्च २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. स्वातंत्र्य शाबूत आहे, प्रश्नच नाही. ते फक्त दिल्लीत मिळते, आणि तासिकेच्या मानधनात परळीहून दिल्लीचे तिकीट बसत नाही.