ॲडमिन निर्दोष, बाकीचे 'जसं आलं तसं'

गोंदिया जिल्ह्यानं देशाला काय दिलं, असा प्रश्न परीक्षेत आला तर मुलं तांदूळ आणि बिडी लिहून मोकळी होतात. हुशार असतील तर नवेगावबांधचं तळं, नागझिऱ्याचा वाघ आणि तिरोड्याची वीज जोडतात. पण ज्या देणगीचा लाभ देशातला कोपरा न कोपरा रोज घेतो, ती कोणी लिहीत नाही. अर्जुनी मोरगावात दाखल झालेल्या एका गुन्ह्यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 2021 साली निकाल दिला: व्हॉट्सॲप ग्रुपवर सदस्यानं काही वाईटसाईट टाकलं, तर संगनमत असल्याशिवाय ॲडमिनला त्यासाठी जबाबदार धरता येणार नाही.

त्या प्रकरणात राजकारण नव्हतं. एका सदस्यानं ग्रुपमधल्या महिलेला उद्देशून घाणेरडं लिहिलं, ॲडमिननं त्याला ना काढलं, ना माफी मागायला लावली, अशी तक्रार होती. न्यायालयाचं म्हणणं सरळ होतं. कोण काय लिहिणार हे ॲडमिनला आधी कसं कळणार? कबूल. निकालाचा कायद्यापुरता अर्थ वकिलांनी घेतला आणि उरलेला सगळा ॲडमिन मंडळींनी.

आमचे ॲडमिन काकाजी हे राइस मिलचे माजी दिवाणजी. ग्रुपचं नाव सांगत नाही, तुमच्याही ग्रुपचं तेच असेल. पहाटे पाचला गुलाबाचं फूल, साडेपाचला एखादं संतवचन, आणि सहाच्या ठोक्याला देश धोक्यात. चहा होईपर्यंत तो थोडा सावरतो, पण पेपर यायच्या आत पुन्हा गळ्यापर्यंत बुडालेला असतो. कधी धर्म बुडतो, कधी संविधान. ग्रुपमध्ये दोन्ही बाजूंचे लोक असल्यामुळे दोघांच्या बुडण्याच्या वेळा वाटून दिल्यासारख्या आहेत. एका पोरानं भीत भीत विचारलं, "काकाजी, हे खरं आहे का जी?" उत्तर आलं, "जसं आलं तसं पाठवलं बापा."

या उत्तरापुढे भलाभला तपास अधिकारी हात टेकेल. पाठवणाऱ्याकडे तर ते दुसऱ्याकडून आलेलं. ॲडमिनला निकालाचं कवच. कंपनीला विचाराल तर ती म्हणणार, मजकूर कुलूपबंद असतो, आम्ही वाचत नाही. पक्षाला विचारा, मजकूर रचणारा पोरगा आमचा नाही, नुसता हितचिंतक आहे. याउलट आमच्या जिल्ह्यातल्या सालेकसा-देवरीकडे नक्षल सप्ताहात झाडांना लाल बॅनर आणि पत्रकं लटकायची, पोलीस येऊन काढायचे. तो प्रचार लावणाऱ्यालाही महागात पडायचा आणि पत्रकात ज्याचं नाव यायचं त्याला तर फारच. पण खाली कुठल्या ना कुठल्या कमिटीचं नाव असायचं. आमच्या ग्रुपवरच्या जहाल मजकुराखाली फक्त 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेले' एवढंच असतं. त्यासाठी जंगलात राहावं लागत नाही. बनियनवर, खाटेवर पडल्या पडल्या क्रांती आणि प्रतिक्रांती दोन्ही होतात.

28 मे 2018 ची भंडारा-गोंदिया पोटनिवडणूक आठवते ना? नवतपा तापलेला आणि मतदानाची चिठ्ठी दाखवणारी यंत्रं जागोजागी बंद पडलेली. अधिकाऱ्यांनी उन्हाला दोष दिला, 30 मे रोजी 49 केंद्रांवर पुन्हा मतदान झालं. तोवर आमच्या ग्रुपवर यंत्र कुठून फिरवलं याचा शोध उपग्रहापर्यंत पोहोचला होता आणि समोरची मंडळी "आतापासूनच रडता काहून?" म्हणून हसत होती. 31 मे रोजी राष्ट्रवादीचे मधुकर कुकडे निवडून आले आणि भाजपची जागा गेली. लगेच उपग्रहवाल्यांना तीच यंत्रं गंगेसारखी पवित्र दिसू लागली. त्यांनी टाकून दिलेला संशय हसणाऱ्यांनी संध्याकाळपर्यंत उचलून, झटकून आपल्या खांद्यावर घेतला. मजकूर तोच. काकाजींनी दोन्ही वेळा फॉरवर्ड केला.

हे हसण्यावारी नेता येतं, कारण तेव्हा कोणी मेलं नाही. त्यानंतर जेमतेम महिन्यानं, 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच डवरी गोसाव्यांना जमावानं ठेचून मारलं. देशभर अशा घटना घडत होत्या, तेव्हा कंपनीनं त्याच महिन्यात फॉरवर्डची मर्यादा पाच चॅटवर आणली. काकाजींनी नियम पाळला. ते पाच-पाचच्या हप्त्यांनी पाठवू लागले.

17 मार्च 2025 ला कबर हटवण्याच्या मागणीवरून नागपूर पेटेपर्यंत औरंगजेब 1707 साली मेला असा माझा समज होता. कबर खुलताबादेत, दगडफेक नागपूरच्या महाल भागात आणि संचारबंदी शहराच्या अनेक भागांत. पवित्र मजकूर असलेली चादर जाळल्याची अफवा फिरली आणि रात्रीपर्यंत गाड्या जळाल्या. आमच्याकडून नागपूर गाडीनं दोन-अडीच तासांवर, पण ग्रुपवर दगड पोहोचायला तेवढाही वेळ लागला नाही. ज्यांनी आयुष्यात महाल पाहिला नाही, ते कुठल्या गल्लीतून कोण आलं हे सांगत होते.

आणि मग मधल्याच एका संध्याकाळी सडक अर्जुनीकडच्या एका शेतकऱ्यानं लिहिलं, "धान खरेदी केंद्रावर बारदाना नाही म्हणते. काटा केव्हा होईल? मागचे चुकारे बी नाही आले. कोणाले माहीत आहे का जी?"

बराच वेळ कोणीच काही बोललं नाही. निळ्या खुणा मात्र सगळ्यांच्या होत्या. शेवटी काकाजींनी लिहिलं, "भाऊ, ग्रुपवर राजकारण नको." त्याच्याखाली भराभर अंगठे पडले.