एकावन्न की एकोणचाळीस?

जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजर असतो. शिपाई म्हणून निवृत्त झालेला असो की सुभेदार म्हणून, एसटीतून ट्रंक उतरवताना गावाने दिलेली ही बढती त्याला जन्मभर पुरते. आमचे मेजर मात्र ती नाकारतात. "मी हवालदार. मराठा लाइट इन्फंट्री. उगा चुकीचं लेबल लावू नका," असं ते बजावतात आणि समोरचा म्हणतो, "बरं मेजर." चुकीचं लेबल हा त्यांचा आयुष्यातला पहिल्या नंबरचा शत्रू. पाकिस्तान दुसरा.

शिकवण्याची हौस त्यांना पहिल्यापासून होती, गिऱ्हाईक नव्हतं. ते २०२४ नंतर मिळालं. पॅरिसला कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ आणलं आणि टोमॅटोला बरा भाव लागलेल्या दोन-तीन घरांत पोरांच्या हट्टापायी एअर रायफली आल्या. रविवारी सकाळी कुकडीच्या कालव्याजवळ, मातीच्या उंच बांधासमोर मेजरांचा वर्ग भरतो. पोरांना वाटतं, आज ठो-ठो. पण पहिले कितीतरी रविवार ती फक्त बंदूक उघडतात, आत बघतात आणि शेजारच्याला देतात. शेजाऱ्यानेही उघडून बघायचं.

"आत्ताच बघितली की मेजर, रिकामी आहे."

"तू बघितलीस. त्यानं कुठं बघितली?"

मग तो बघतो आणि मेजरांना देतो, मेजर बघतात. इतक्या डोळ्यांनी पाहिलेली ती रिकामी नळी मेजर पुन्हा बांधाकडेच धरतात. नळी कोणाच्या पायाकडे वळली तर ते ओरडत नाहीत. बंदूक शांतपणे काढून घेतात आणि त्या पोराला आंब्याखाली बसवून पाण्याच्या बाटल्या मोजायला लावतात. चापावर बोट दिसलं तरी हीच शिक्षा. त्यामुळे आमच्याकडच्या पोरांना नेम धरता येवो न येवो, बाटल्या बिनचूक मोजता येतात.

मेजरांचा खरा विषय म्हणजे गोळ्यांची सरमिसळ. एकदा एका पोराचा मामा पुण्याहून छर्ऱ्यांची डबी घेऊन आला. रायफल पॉइंट एकशे सत्याहत्तरची, म्हणजे साडेचार मिलिमीटर, आणि डबी पॉइंट बावीसची, साडेपाचची. छर्रा बसेना तेव्हा पोरगं अंगठ्याने रेटू लागलं. मेजरांनी वर्ग थांबवला. बावीस नंबरचा छर्रा असतो आणि बावीस नंबरची दारू भरलेली गोळीही असते, एनसीसीवाल्या रायफलीतली. त्या गोळीतही पुन्हा शॉर्ट, लाँग, मॅग्नम अशी भावकी. "दुकानात जाऊन नुसतं 'बावीसची द्या' म्हणशील तर काय घेऊन येशील? माणसाला नुसतं आडनाव विचारतो का आपण? गाव विचारतो ना?"

मग ओघाने त्यांचं लाडकं उदाहरण आलंच. जुनी एसएलआर ७.६२ ची. एके-४७ सुद्धा ७.६२ ची. आकडा तोच, पण एकीचं खोकं ५१ मिलिमीटर लांब, दुसरीचं ३९. एकीची गोळी दुसरीला चालत नाही. मेजरांनी नोकरीत दोन्ही वागवल्या, त्यामुळे "सात पॉइंट बासष्ट" एवढंच सांगणारा माणूस त्यांच्या दृष्टीने काहीच सांगत नाही. त्यांचा प्रश्न ठरलेला: "एकावन्न की एकोणचाळीस?"

हा प्रश्न आता बंदुकीपुरता राहिलेला नाही. काकूंनी स्वयंपाकघरातून विचारावं, "अहो, गोळी घेतली का?" की ओसरीवरून येतं, "कुठली? एकावन्न की एकोणचाळीस?" बीपीची गोळी म्हणजे एकावन्न, साखरेची एकोणचाळीस. काकूंनी हे पाठ केलंय. डॉक्टरांनी केलेलं नाही, त्यामुळे तपासणीला जरा वेळ लागतो.

फवारणीच्या पंपांचंही तेच. तणनाशकाचा पंप त्यांनी लाल रंगवलाय, त्याला वेगळी खुंटी, वेगळी बादली, आणि तो दुसऱ्या कशाला वापरायचा नाही. गाव हसायचं. पण एका बागायतदाराच्या गड्याने २,४-डी मारलेला पंप नुसता विसळून टोमॅटोवर औषध मारलं, आणि चार दिवसांत प्लॉटची पानं चिंचेच्या आकड्यासारखी वळली. त्या हंगामात दुकानातला लाल ऑइलपेंट संपला होता.

बारा बोरवाल्यांना ते विशेष छळतात. पीक संरक्षणाच्या परवान्यावरच्या दुनळ्या अजून काही घरांत आहेत, आणि काडतुसं आजोबांच्या वेळच्या डब्यात, पावसाळी हवेने फुगलेली, वेगवेगळ्या जातीची, एकत्र. आमच्या ठिबकवाल्या डोक्यात वीस हा आकडा बारापेक्षा मोठा. ठिबकची नळी २० ची म्हणजे १६ पेक्षा जाड. बंदुकीत उलटं. नळीच्या मापाच्या शिशाच्या बारा गोळ्यांचा एक पौंड होतो ती बारा बोर, वीस लागतात ती वीस बोर. म्हणजे वीसची नळी बारीक. मेजर हे ठिबकच्याच तुकड्यांनी दाखवतात. १६ चा तुकडा, टोकाला चिकटपट्टीची कडा, २० च्या नळीत ढकलतात. तो आत जाऊन अडकतो, बाहेरून दिसत नाही. "आता तुला वाटतं, भरलीच नाही. मग तू मागनं बाराचं काडतूस घालतो. चाप ओढतो. मग?" मग नळी फाटते, आणि तिच्याखाली डावा हात असतो. म्हणूनच वीस बोरचं काडतूस पिवळं करायची रीत पडली, हे सांगून ते समोरच्याचा डबा ओटीवर पालथा करतात आणि पिवळं शोधतात. घरातली माणसं चहा टाकायला आत पळतात.

मागे विहिरीत बिबट्या पडला तेव्हाची गोष्ट. उसाच्या या मुलखात ते नवल नाही. वनखात्याची माणसं पिंजरा सोडतात, जनावर वर काढून माणिकडोहच्या निवारा केंद्रात नेतात. नवल असतं ते गर्दीचं. निम्मा गाव कठड्यावर, आणि एक उत्साही गृहस्थ दुनळी घेऊन हजर. बिबट्याला मारायची कायद्याने बंदीच, पण गृहस्थ म्हणाले, असावी जवळ. मेजर बिबट्याकडे बघेनात, त्या दुनळीकडे बघत राहिले.

"भरलीय?"

"नाही हो."

"मग मोडून धरा."

मोडली तर दोन्ही काडतुसं आत. मेजरांनी काढून घेतली, वाचली, एक एका खिशात आणि दुसरं दुसऱ्या खिशात ठेवलं, कारण दोन्ही वेगळ्या नंबरांची निघाली. तेवढ्यात बिबट्या पिंजऱ्यात गेला, तो प्रसंग मेजरांनी पाहिलाच नाही. वनखात्याच्या कौतुकातही त्यांना एकच गोष्ट सांगायची असते: बेशुद्धीच्या डार्टमध्ये औषध भरताना आधी जनावराच्या वजनाचा अंदाज घेतात. "सगळ्या बिबट्यांना एकच माप नाही. याला म्हणतात डोकं."

वर्ग सुटताना निल रिपोर्ट. फौजेत फायरिंग संपलं की प्रत्येकाने जाहीर करायचं: माझ्याकडे जिंदा राउंड नाही, खाली खोका नाही. एक खोका कमी भरला तर सगळी प्लाटून गवतात ओणवी. इथे खोकी नसतात, छर्रेच असतात, पण दहा दिले तर दहांचा हिशेब. खिशात चुकून राहिलेल्या छर्ऱ्यासाठी पोरांनी बांध चाळलाय. आता मेजरांची नात जेवून उठताना सावधान होते: "जिंदा भाकरी नाही, खाली वाटी नाही, श्रीमान!" काकूंना ते आवडत नाही. मेजर मात्र ताट उचलून खाली बघतात.

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. मेजर प्रत्येकाबरोबर जातात. अंमलदार पावतीवर लिहितो, 'बारा बोर, एक नग.' मेजर काच ठोठावतात. "काडतुसं लिहा. किती आणि कुठल्या नंबरची." मागची रांग चुळबुळ करते. गेल्या खेपेला वैतागून त्याने विचारलं, "आणि मेजर, तुमची बंदूक कुठली?"

"हवालदार. माझ्याकडं बंदूक नाही."

"नाही? मळ्यात राहता ना? बिबट्या आला तर?"

"कुत्रं आहे."

"मागच्या वर्षीचं तर बिबट्यानं नेलं म्हणत होता!"

"हे दुसरं," मेजर म्हणाले. "तुम्ही काडतुसं लिहा."